जुन्या दुनळीच्या नळ्या : घरी कशा धराव्यात, कशा पुसाव्यात आणि कोठे थांबावे

बाजारात मडके घेताना ते बोटाच्या पेराने वाजवून पाहण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. खणखणीत नाद आला तर मडके घरी येते. बद्द आवाज आला तर ते परत उतरंडीत जाते. ब्रिटनमधील जुन्या दुनळी बंदुकीची पहिली परीक्षाही अशीच कानाने होते. नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करायच्या, त्यांच्या बुडाशी असलेल्या आकड्यासारख्या भागात दोरी किंवा बोट अडकवून त्या मोकळ्या लोंबू द्यायच्या आणि लाकडी दांडीने हलकेच टोला द्यायचा. घंटेसारखा लांबणारा नाद आला तर दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्ट्या घट्ट आहेत. आवाज बसका किंवा खरखरीत आला तर आत कोठेतरी जोड सुटला आहे आणि पुढील काम घरातील टेबलावरचे नव्हे, कारागिराच्या बाकावरचे आहे.

ब्रिटनच्या ग्रामीण भागात स्थायिक झालेले काही मराठी डॉक्टर, अभियंते आणि व्यावसायिक क्ले शूटिंगच्या निमित्ताने या छंदाकडे वळतात. कोणाला निवृत्त होणारा सहकारी आपली बंदूक देऊ करतो, तर कोणी लिलावात घेतो. शंभर वर्षांपूर्वीची बर्मिंगहॅमची साधी दुनळी आजही काहीशे पौंडांत मिळू शकते. मात्र तिच्या नळ्यांवर झालेली एक चूक दुरुस्त करण्याचा खर्च बंदुकीच्या किमतीहून सहज अधिक होतो आणि काही चुका तर दुरुस्तच होत नाहीत. नळ्या घरी कशा धराव्यात, कशा स्वच्छ कराव्यात आणि हात कोठे आवरावा, याची माहिती म्हणूनच बंदूक घेण्यापूर्वीच असलेली बरी.

नळीची बांधणी

दुनळी वरवर पाहता लोखंडाचा दणकट ठोकळा वाटते. प्रत्यक्षात ती दोन पातळ नळ्यांची नाजूक जोडणी असते. मागच्या तोंडाशी, जेथे काडतूस बसते त्या चेंबरभोवती, धातू जाड असतो. तेथून पुढे तो झपाट्याने पातळ होत जातो आणि नळीच्या मधल्या व पुढच्या भागात सर्वांत कमी असतो. नळीच्या भिंतीची जाडी निदान ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर असावी, असा ब्रिटिश बंदूक व्यवसायातील सर्वमान्य संकेत आहे. तो कायद्याने ठरवलेला आकडा नव्हे. तरीही जुनी बंदूक घेताना जाणकार हा आकडा आधी विचारतात. अर्धा मिलिमीटर म्हणजे जाड पुठ्ठ्याएवढी भिंत. बेंच व्हाइसच्या दोन जबड्यांत ती चेपायला फारसा जोर लागत नाही.

दोन्ही नळ्या वरच्या व खालच्या पट्टीने जोडलेल्या असतात. या पट्ट्यांना इंग्रज कारागीर रिब म्हणतात. त्या बहुधा कथील आणि शिसे यांच्या मऊ सोल्डरने बसवलेल्या असतात. मागच्या बाजूला नळ्यांच्या खाली पोलादाचा जो खाचदार ठोकळा असतो तो लम्प. याच लम्पच्या आधाराने नळ्या बिजागरीसारख्या उघडतात आणि बंद होताना कुलुपात बसतात. त्याच्या कडा कारागिराने काजळी लावून, पुन्हा पुन्हा बसवून, कानशीने केसाएवढा धातू काढत जुळवलेल्या असतात. त्या कडांवरील एक ओरखडासुद्धा बंदुकीचा सांधा सैल करू शकतो.

नळ्यांचा धातू दोन प्रकारचा आढळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्यांची फीत गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून नळी घडवीत. त्यामुळे पृष्ठभागावर वेलबुट्टीसारखी नक्षी उमटते. यांनाच दमास्कस नळ्या म्हणतात. दक्षिण भारतात तयार होणाऱ्या प्रसिद्ध वूट्झ पोलादाची नक्षी धातूच्या आतल्या घडणीतून येत असे. बंदुकीच्या नळीवरील नक्षी मात्र दोन धातूंच्या पिळामुळे येते. नाव एक असले तरी कृती वेगळी आहे. पुढे अखंड पोलादाच्या नळ्या आल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत दमास्कसची प्रथा मागे पडली.

बारा बोअरची बंदूक म्हणजे काय, हेही येथे सांगणे योग्य होईल. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर त्यांतील एका गोळीचा जो व्यास होईल तो बारा बोअर. हा व्यास ०.७२९ इंच, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. आकडा जसा वाढतो तशी नळी अरुंद होते. म्हणून वीस बोअरची नळी बाराहून लहान असते.

आधी कागद, मग कापड

भारतातील वाचकाला बंदूक आणि परवाना यांची सांगड नवी नाही. १८७८ च्या आर्म्स ॲक्टने भारतीयांना शस्त्रासाठी परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना मोकळीक दिली, ही जखम स्वातंत्र्यचळवळीच्या काळात दीर्घकाळ भळभळत होती. आजच्या ब्रिटनमध्ये कायदा सर्वांना सारखा आहे आणि कडकही आहे.

इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये १९६८ चा फायरआर्म्स ॲक्ट लागू आहे. गुळगुळीत नळीची, नळी २४ इंचांहून आखूड नसलेली साधी दुनळी या कायद्याच्या दृष्टीने शॉटगन ठरते. ती बाळगण्यासाठी स्थानिक पोलिसांकडून शॉटगन सर्टिफिकेट घ्यावे लागते. त्याची मुदत पाच वर्षांची असते. अर्जासोबत डॉक्टरांकडून आरोग्यविषयक माहितीही द्यावी लागते. बंदूक एका धारकाकडून दुसऱ्याकडे गेली की सात दिवसांच्या आत पोलिसांना कळवावे लागते. विनासर्टिफिकेट शॉटगन बाळगणे हा पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकणारा गुन्हा आहे. उत्तर आयर्लंडचा कायदा स्वतंत्र आहे आणि तेथे शॉटगनसाठीही फायरआर्म सर्टिफिकेट लागते.

बंदूक जुनी आहे म्हणून परवाना नको, हा समज धोक्याचा आहे. केवळ जपणूक किंवा शोभा म्हणून ठेवलेल्या पुराण शस्त्रांना कायद्यात सूट आहे. पण २०२१ च्या नियमांनी तिच्या सीमा आखून दिल्या आहेत. शस्त्र १ सप्टेंबर १९३९ पूर्वी बनलेले असावे आणि त्याची पेटवण्याची पद्धत किंवा त्याचे काडतूस कालबाह्य यादीतील असावे. तोंडाकडून ठासायची बंदूक किंवा पिनफायर पद्धतीची दुनळी या सूटीत बसू शकते. आजही दुकानात मिळणारे बारा बोअरचे सेंटरफायर काडतूस घेणारी दुनळी १८८० ची असली तरी तिला सर्टिफिकेट लागतेच. सूटीतील बंदुकीतूनही बार काढायचा असेल तर सूट संपते.

वारशाने बंदूक आली तर तिला हात लावण्यापूर्वीच पोलिसांच्या परवाना विभागाशी बोलावे. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याला कलम ७ खाली तात्पुरता परवाना मिळू शकतो, किंवा निर्णय होईपर्यंत बंदूक नोंदणीकृत व्यापाऱ्याकडे ठेवता येते. पोटमाळ्यावर सापडलेली बंदूक स्वतः गाडीत घालून पोलीस ठाण्यात नेण्याचा भाबडेपणा करू नये. दूरध्वनी करावा, तिचे काय करायचे ते पोलीस सांगतात.

घरी स्वच्छता करणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. सर्टिफिकेट व्यक्तीच्या नावे असते, घराच्या नावे नव्हे. ज्याच्याकडे सर्टिफिकेट नाही अशा जोडीदाराच्या वा मुलांच्या हाती बंदूक किंवा कपाटाची किल्ली जाणार नाही, अशी व्यवस्था करणे धारकावर बंधनकारक आहे. टेबलावर नळ्या पसरलेल्या असताना दारावरची घंटा वाजली, तर आधी बंदूक कपाटात जावी आणि मग दार उघडावे.

नळीवरचे शिक्के

नळ्या उलट्या केल्या की चेंबरखालच्या सपाट भागावर बारीक शिक्के दिसतात. ते नळीचे जन्मटिपण होय. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. नळीत नेहमीपेक्षा अधिक दाबाचा बार काढून ती टिकते की नाही हे येथे तपासतात आणि टिकली तरच शिक्का मारतात. प्रूफ नसलेली किंवा प्रूफ बाद झालेली बंदूक विकणे ब्रिटनमध्ये गुन्हा आहे.

शिक्क्यांवरून दोन गोष्टी आधी पाहाव्यात. नळी केवळ काळ्या दारूसाठी तपासली आहे की आजच्या धूररहित दारूसाठी, ही पहिली. धूररहित दारूची कसोटी दर्शविणारी नायट्रो प्रूफची खूण नसेल तर त्या नळीत आजचे काडतूस घालू नये. अनेक दमास्कस नळ्यांवर ही खूण नसते, काहींवर असते. केवळ नक्षीवरून अनुमान काढता येत नाही. चेंबरची लांबी ही दुसरी. जुन्या इंग्रजी दुनळीचे चेंबर बहुधा अडीच इंचाचे असते, तर आजची अनेक काडतुसे ७० मिलिमीटरची, म्हणजे पावणेतीन इंचांची असतात. लांब काडतूस घरात बसते, पण उडताना त्याचे तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. काडतुसाच्या डब्यावर अडीच इंची चेंबरसाठी योग्य असे स्पष्ट लिहिलेले असावे.

स्वच्छतेच्या दृष्टीने या शिक्क्यांचे महत्त्व आणखी एक आहे. नळीचा आतला व्यास मागच्या तोंडापासून नऊ इंचांवर मोजतात. तो शिक्क्यात नोंदलेल्या मापाहून ठरावीक मर्यादेपलीकडे वाढला की प्रूफ बाद होते. ही वाढ वापराने फारशी होत नाही. ती घासण्याने होते. आतून गंज घालवण्यासाठी कोणी ड्रिलला पॉलिश कागद लावून फिरवला, तर चकाकी येते, पण मौल्यवान बंदूक एका दुपारी विक्रीस अपात्र ठरू शकते.

धरण्याची रीत

सुरुवात नेहमी एकाच कृतीने होते. बंदूक सुरक्षित दिशेला रोखून उघडावी आणि दोन्ही चेंबर रिकामी असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी. काडतुसे त्या खोलीतच नसावीत. मग पुढचा लाकडी भाग, ज्याला फोर-एंड म्हणतात, तो काढावा, नळ्या दस्त्यापासून अलग कराव्यात आणि फोर-एंड दस्त्याला परत लावून ठेवावा. तो टेबलावर सुटा पडला तर घरंगळून खाली जातो आणि त्याचे लाकूड फुटते. इजेक्टर असलेल्या बंदुकीत फोर-एंड परत बसताना अडला तर जोर करू नये. आतील यंत्रणा चढलेली आहे की उतरलेली, याचा तो प्रश्न असतो. रिकाम्या बंदुकीचा चाप उगाच ओढू नये, कारण जुन्या पिना त्याने तुटतात. चाप उतरवणे आवश्यक असेल तर त्यासाठी मिळणारी स्नॅप कॅप, म्हणजे नकली काडतुसे, वापरावीत.

नळ्या धरण्याचा सर्वांत निर्धोक मार्ग सर्वांत साधा आहे. भक्कम टेबलावर गोधडीची जाड घडी किंवा जुने ब्लँकेट अंथरावे आणि त्यावर नळ्या आडव्या ठेवाव्यात. एका हाताने दोन्ही नळ्या चेंबरपाशी, म्हणजे जेथे धातू जाड आहे तेथे, मुठीत धराव्यात आणि दुसऱ्या हाताने गज चालवावा. दर आठवड्याच्या स्वच्छतेला याहून अधिक काही लागत नाही.

हात मोकळे हवे असतील तर लाकडाचा पाळणा करावा. दोन फळ्यांना वरून इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडावी, खाचेला चामडे किंवा जाड फेल्ट चिकटवावे आणि एक खाच चेंबरखाली, दुसरी पुढच्या तोंडापासून वितभर अलीकडे येईल असे अंतर ठेवून त्या एका पाटावर बसवाव्यात. नळ्या त्यात स्वतःच्या वजनाने विसावतात. त्यांना आवळावे लागत नाही. पाट गजाच्या दाबाने सरकू नये म्हणून त्याच्या बुडाला रबर लावावे. हा पाळणा तासाभरात तयार होतो.

बेंच व्हाइसचा मोह टाळता आला तर उत्तम. तो वापरायचाच असेल तर नळ्या नव्हे, फक्त लम्पच्या दोन सपाट बाजू धरायच्या असतात आणि त्याही चामडे चिकटवलेल्या लाकडी ठोकळ्यांच्या मध्ये. पकड एवढीच असावी की नळ्या डोलू नयेत. लम्पच्या खाचा आणि गोलाई यांना जबड्याचा स्पर्श होता कामा नये. पुढचा भाग हवेत अधांतरी राहिला तर गज ढकलताना सारा ताण लम्पवर येतो. म्हणून तेथे खाली पाळण्याची एक खाच आधाराला असावी. गुळगुळीत नळी जबड्यांत धरून पाहू म्हणणाऱ्याच्या लक्षात चूक येते तेव्हा आतला प्रकाश वर्तुळाकार राहिलेला नसतो.

नळ्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवणे हीदेखील तितकीच वाईट सवय आहे. त्या सरकतात आणि टेबलाच्या कडेवर आपटतात. फरशीवर पुढचे तोंड खाली करून ठेवल्यास तोंडाची कड बोथट होते.

स्वच्छतेचा क्रम

साहित्य थोडे लागते : लाकडी किंवा प्लास्टिकचे आवरण असलेला गज, बोअरच्या मापाचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश, चिंधी अडकवण्याची जॅग, लोकरीचा बोळा, बंदुकीसाठीचे सॉल्व्हंट, हलके तेल, जुने सुती कापड आणि स्वयंपाकघरातील कागदी रोल. काम मात्र स्वयंपाकघरात करू नये. नळीतील काजळीत शिसे असते. खिडकी उघडी असावी, हातात मोजे असावेत, लहान मुले दूर असावीत आणि काम झाल्यावर काही खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. सॉल्व्हंट ज्वालाग्राही असते. जवळ समई, मेणबत्ती वा हीटर नसावा.

गज नेहमी मागच्या तोंडाकडून पुढच्या तोंडाकडे जावा. प्रथम कागदाचा बोळा घट्ट ढकलून सुटी काजळी बाहेर काढावी. यामुळे पुढील कापड कमी मळते आणि चिकट घाण यंत्रणेकडे मागे येत नाही. मग सॉल्व्हंट लावलेली चिंधी फिरवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. बहुतेकांची घाई येथेच होते. सॉल्व्हंटला काम करू दिले तर हाताला करावे लागत नाही.

त्यानंतर ब्रश. तो पूर्ण पार जाऊन पुढच्या तोंडातून बाहेर पडल्यावरच मागे ओढावा; मध्येच उलटा फिरवल्यास त्याचे तार वाकतात आणि तो अडकतो. चेंबर जेथे निमुळते होऊन नळीला मिळते तेथे आणि पुढच्या तोंडाजवळच्या चोकमध्ये शिसे व प्लास्टिकचा थर अधिक जमतो. तेथे चार-सहा फेऱ्या जास्त द्याव्यात. मग कोरड्या चिंध्या फिरवाव्यात, शेवटची जवळजवळ पांढरी निघेपर्यंत. अखेरीस तेलाचा एक थेंब चोळलेला लोकरीचा बोळा एकदा आतून फिरवावा. आतून नळी ओली नव्हे, केवळ तुकतुकीत दिसली पाहिजे.

एक्स्ट्रॅक्टरच्या खालची खाच अनेकदा विसरली जाते आणि गंज तेथेच लपतो. कापडाचे टोक काडीला गुंडाळून ती पुसावी. नळ्यांचा बाहेरचा भाग तेलाच्या फडक्याने पुसावा आणि त्यानंतर त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये. घामातील क्षाराने एका रात्रीत बोटांचे ठसे तांबूस उमटतात.

काळ्या दारूचा बार काढला असेल तर क्रम बदलतो. त्या दारूची राख क्षारयुक्त असते आणि हवेतील ओल शोषते. तेलकट सॉल्व्हंटने ती विरघळत नाही, पाण्याने विरघळते. पूर्वीच्या क्लोरेटयुक्त काडतुसांच्या क्षारांचेही तसेच आहे. म्हणून कढत पाणी नळीतून सोडतात. पाणी जितके गरम, तितकी नळी लवकर वाळते. मात्र तीही तापते, म्हणून जाड मोजे घालावेत. येथे सुरुवातीच्या घंटानादाचा उपयोग कळतो. पट्ट्या सुटलेल्या असतील तर पाणी त्यांच्या आत शिरते आणि बाहेर न दिसणारा गंज तेथून नळी खातो. आवाज बसका आला असेल तर पाणी वापरू नये. कारागिराचा सल्ला घ्यावा. पाण्यानंतर नळ्या पूर्ण कोरड्या करून लगेच तेल लावावे.

पुसणे म्हणजे पाहणे

स्वच्छ झालेली नळी खिडकीकडे धरून डोळा मागच्या तोंडाशी लावावा आणि ती सावकाश फिरवावी. निरोगी नळीत प्रकाशाची वलये एकात एक, अखंड दिसतात. वलय एका बाजूने दबलेले दिसले तर बाहेरून पोचा आहे. एखादे गडद कडे दिसले तर आतून फुगवटा असू शकतो. काळे ठिपके म्हणजे गंजाने पडलेले खड्डे. ते ब्रशने जात नाहीत, कारण तेथे घाण नसून धातूच नाहीसा झालेला असतो.

नळी आरपार पाहण्याला आणखी एक कारण आहे. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या घरात पडले तर ते पुढे सरकून नळीत अडकते. मागून बारा बोअरचे काडतूस घातले की बंदूक भरलेली वाटते आणि बार निघताच नळी फुटते. म्हणूनच वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची ठेवण्याचा संकेत आहे. नळीत अडकलेली चिंधी वा तुटलेला ब्रश यांचाही परिणाम तितकाच वाईट होतो. स्वच्छता संपल्यावर दोन्ही नळ्यांतून प्रकाश दिसल्याशिवाय बंदूक जोडू नये.

पोचा, फुगवटा, खड्डे, सुटलेली पट्टी यांपैकी काहीही दिसले की घरचे काम थांबते. पोचा आतून दाब देऊन उचलण्याचे साधन कारागिराकडे असते. खड्डे घासून काढावेत की नाही, हे भिंतीची जाडी मोजून तोच ठरवतो. कारागीर नोंदणीकृत शस्त्रव्यापारी असावा. त्याच्याकडे बंदूक नेताना ती आवरणात, गाडीत नजरेआड असावी आणि सर्टिफिकेट सोबत असावे.

टाळावयाच्या गोष्टी

बाहेरच्या रंगाला हात लावू नये. जुन्या नळ्यांचा काळा वा तपकिरी रंग हा रंग नसून मुद्दाम चढवलेला, पुन्हा पुन्हा उकळून स्थिर केलेला गंज असतो. दमास्कसची नक्षीही त्यातूनच उठून दिसते. लोखंडी लोकर, गंज काढणारी आम्ले किंवा भांडी घासण्याची पावडर यांनी ती काही मिनिटांत पुसली जाते. आधुनिक बंदुकांसाठीचा कढत कॉस्टिक क्षारांचा काळा लेप तर जुन्या दुनळीला कधीच देऊ नये. तो क्षार मऊ सोल्डर खातो आणि पट्ट्या सुटतात. याच कारणाने नळ्या ज्योतीवर किंवा हीट गनने तापवू नयेत.

तेलाचा अतिरेकही अपायकारक आहे. ते खाली ओघळून दस्त्याच्या मानेत मुरते आणि अनेक वर्षांत अक्रोडाचे लाकूड काळे व भुसभुशीत करते. दस्त्याला जवसाचे तेल लावले असेल तर ते फडके चुरगाळून टोपलीत टाकू नये. वाळताना त्यात उष्णता साठते आणि ते आपोआप पेटू शकते. ते उघड्यावर पसरून वाळू द्यावे, मग फेकावे.

ठेवणे

ब्रिटनची ओल नळीची जुनी वैरीण आहे. पावसात भिजलेली बंदूक रेडिएटरवर न ठेवता पुसून, उबदार खोलीत काही तास उघडी ठेवून, मग तेल लावून कपाटात न्यावी. अर्थात त्या खोलीत धारकाने स्वतः हजर असावे. मऊ अस्तराच्या आवरणात बंदूक कधीही साठवू नये. ते अस्तर ओल धरून ठेवते. कपाट पोलादी, ब्रिटिश मानक ७५५८ नुसारचे, भिंतीला बोल्टने घट्ट केलेले असावे. त्यात ओल शोषणारी पुडी ठेवावी. तेल लावलेल्या नळ्या पहिला दिवस तोंड खाली करून फेल्टच्या तुकड्यावर ठेवाव्यात, म्हणजे जादा तेल लाकडाकडे न जाता पुढे उतरते. महिन्यातून एकदा पाहणी पुरते. फेझंटचा हंगाम १ फेब्रुवारीला संपतो. त्यानंतर वर्षातून एकदा कारागिराकडून तपासणी करून घ्यावी.

छऱ्यांबाबतही सावध राहावे. इंग्लंडमध्ये १९९९ पासून पाणथळ जागी व पाणपक्ष्यांवर शिशाचे छरे वापरण्यास बंदी आहे. शिशाऐवजी पोलादी छरे वापरण्याकडे कल वाढत असला तरी ते शिशासारखे दबत नाहीत. जुन्या पातळ नळीसाठी, विशेषतः अरुंद चोकच्या आणि दमास्कसच्या नळीसाठी, ते अयोग्य होत.

गावाकडची बंदूक

अनेक वाचकांच्या मनात या विषयासोबत दुसरीच एक बंदूक असेल. रत्नागिरी वा सिंधुदुर्गातील घरात पिकाच्या राखणीसाठी परवान्याने ठेवलेली ठासणीची, किंवा देशावरील वाड्यात आजोबांनी जपलेली विलायती दुनळी. वडिलांच्या पश्चात ती लंडनला आणावी, असा विचार स्वाभाविक असला तरी तो बहुधा भारतातच अडतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि अशा वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. त्याहून नवी बंदूक असेल तर १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली निर्यातीचा परवाना लागतो आणि ब्रिटनमध्ये आयातीचे व सर्टिफिकेटचे नियम पुन्हा उभे राहतात.

याहून तातडीची गोष्ट निराळी आहे. परवानाधारक निवर्तला की घरातील कोणाकडेही ती बंदूक ठेवण्याचा अधिकार आपोआप येत नाही. आर्म्स ॲक्टच्या कलम २१ नुसार ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावी लागते; मग वारसाला स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला साधारणपणे दोनच बंदुका बाळगता येतात, हेही ध्यानात असावे. परदेशात असलेल्या मुलाने दिवसकार्यासाठी गावी गेल्यावर कपाटातील ती बंदूक विसरून परत येणे म्हणजे वृद्ध आईला नकळत कायद्याच्या कचाट्यात ठेवणे होय. तिकिटाची तारीख जवळ आली तरी हे एक काम मागे ठेवू नये.

त्या बंदुकीची निगाही वर सांगितलेल्या रीतीनेच व्हावी. ठासणीच्या नळीला कढत पाणी, कोरडे फडके आणि तेलाचा पातळ हात, हा क्रम कोकणातील पावसाळ्यातही तोच आहे आणि श्रॉपशरच्या थंडीतही तोच. मात्र ठासणीची नळी मागून बंद असते. म्हणून ती आतून भरलेली नाही ना, हे गज घालून आणि त्याची लांबी बाहेरून ताडून पाहिल्याखेरीज तिच्याजवळ पाणी, फडके वा दिवा नेऊ नये. अनेक वर्षे खुंटीला टांगलेल्या ठासणीत कोणा पूर्वजाने भरलेला बार तसाच असू शकतो. तसा संशय आला तर बंदुकीला हात न लावता पोलिसांना कळवावे.